फिस्टुला केल्यावर रक्त पातळ करायची गोळी: सरसकट द्यावी का?

देवगडचा हापूस
माझं मत: द्यावी. वडिलांच्या डाव्या मनगटावरचा पहिला फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्याइतकी शीर फुगावी म्हणून ती धमनीला जोडतात, तो जोड) नवव्या दिवशी बंद पडला. रात्रीपर्यंत खाडीत लांब होडीचं इंजिन चालू असावं तशी बोटांना थरथर लागत होती, सकाळी चहाच्या वेळी बघतो तर गप्प. मग मानेतल्या नळीतून डायलिसिस आणखी दोन महिने, तिच्यातून संसर्ग, थंडीताप, आणि भर पावसात फोंडा घाट चढून परत कोल्हापूर. आता कोपराजवळ दुसरा केलाय. सर्जन म्हणतात क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम रोज, सहा आठवडे. किडनीचे डॉक्टर म्हणतात नको. स्वस्त गोळीने एक खेप वाचत असेल तर नको का?

सुरंगी
कारण खेप वाचतेच असं नाही. अमेरिकेत ८७७ रुग्णांवर नेमकी हीच गोळी तपासली, २००८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. सहा आठवड्यांत गुठळी होऊन बंद पडलेले फिस्टुले: गोळी घेणाऱ्यांत १२.२ टक्के, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत १९.५. इथवर तुमचं खरं. पण डायलिसिसच्या कामी न आलेले मोजले तर ६१.८ आणि ५९.५. शीर फुगलीच नाही तर सुई टोचणार कुठे?

देवगडचा हापूस
बारीक का होईना, चालू शीर बरी. फुगा घालून रुंद तरी करता येते.

सुरंगी
आणि फुगा घालायला कुठे जाणार? कोल्हापूरच ना!

खाडीकाठ
गोळीपेक्षा माशाचं तेल बरं म्हणतात. आम्ही तर रोज बांगडा खातो 😀

सुरंगी
तेही तपासून झालंय, २०१७ साली. ५६७ रुग्ण, रोज ४ ग्रॅम तेल, बारा आठवडे. निकामी फिस्टुले दोन्हीकडे ४७ टक्के. त्याच अभ्यासात ॲस्पिरिननेही फरक पडला नाही. बांगडा खा, पण चवीसाठी, आणि तोही डॉक्टरांनी दिलेल्या पथ्यात बसेल तेवढाच.

सुईवाला
मी डायलिसिसवर तंत्रज्ञ आहे. सुई काढली की कापूस धरून दहा मिनिटं दाबतो. या गोळीवरच्या पेशंटला कधी अर्धा तास लागतो, आणि गाडीत बसला की पट्टी परत ओली. किडनी गेलेल्या माणसाच्या प्लेटलेट आधीच नीट चिकटत नाहीत, वर मशीनवर रक्त गोठू नये म्हणून हेपरिन. अशा पेशंटला गावात रात्री नाकातून रक्त आलं तर जवळ कोण? हृदयात स्टेंट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि फिस्टुले मला दिसतात ते बरेचदा असे बसलेले: मशीनवर बीपी पडलं, हात डोक्याखाली घेऊन झोपले, नाहीतर घट्ट बांगड्या. एका मावशींनी तर त्याच हाताच्या कोपराला पिशवी अडकवून बाजार केला.

मालवणी आजो
गोळयेचा काय ता डॉक्टर बघतले. हातार रोज सकाळी कान लावन बघा. आवाज बंद झालो तर त्याच दिवशी धावा, उद्याची वाट बघू नकात.

देवगडचा हापूस
आजोबा, तीच चूक केली आम्ही. रविवार होता, म्हटलं सोमवारी बघू. सुरंगीताई, आकडे मान्य. पण तुम्ही टक्के मोजताय, माझ्या बापाला हात दोनच आहेत. मत बदललं नाही. उद्या दोन्ही डॉक्टरांना एकाच फोनवर घेतो. आज थरथर आहे.