ऑफिसच्या पाच-सहा पीसींना रोज चुकीचा आयपी येतोय, आणि रोज वेगळ्याच पीसींना

सांगलीकर:
नमस्कार मंडळी, आमचं टॅक्सच्या कामाचं ऑफिस आहे, २२ पीसी, एक टॅलीचा सर्व्हर आणि दोन प्रिंटर. मी अकाउंटचाच माणूस, पण कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून सगळं माझ्याकडे येतं. सोमवारपासून असं होतंय की सकाळी मशीन चालू केली की पाच-सहा पीसींवर नेट नाही, टॅली नाही, प्रिंट नाही आणि शेजारचाच पीसी एकदम व्यवस्थित. चांगल्या पीसींचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि बिघडलेल्यांचा १९२.१६८.० ने. कुणी काही बदललेलं नाही, सगळीकडे ऑटोमॅटिकच आहे. केबल बदलून झाल्या, नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा) बंद-चालू करून झाला, एका पीसीवर तर विंडोज नव्याने टाकलं, त्यात अर्धा दिवस गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पीसीला परत तेच. आज १८ तारीख, २० ला जीएसटीचे थ्री-बी रिटर्न भरायचेत आणि पोरं हात बांधून बसलीत. प्लीज कुणीतरी सांगा.

रात्रपाळी:
सरळ सगळ्यांना हाताने आयपी देऊन टाका ना, विषय संपला.

सांगलीकर:
दोन पीसींना दिला होता दादा. एक चालला, दुसऱ्यावर काल आयपी कॉन्फ्लिक्टचा मेसेज आला.

केबलवाला:
हाताने आयपी देत बसू नका, २२ मशीनची वही ठेवावी लागेल. कॉन्फ्लिक्ट आला कारण तुम्ही दिलेला नंबर राउटरच्या वाटपाच्या रेंजमधलाच असणार, त्याने तोच दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला.

आधी एक करा. बिघडलेल्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल मारा आणि त्यात डीएचसीपी सर्व्हर (म्हणजे आयपी वाटणारा) अशी एक ओळ असते ती वाचा. मग चांगल्या पीसीवर तीच ओळ वाचा. दोन्ही इथे टाका.

सांगलीकर:
चांगल्यावर १९२.१६८.१.१, तो आमचा मेन राउटर. बिघडलेल्यावर १९२.१६८.०.१. गेटवे (बाहेर नेटवर जायचा रस्ता) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) पण तोच. हा पत्ता आमच्याकडे कुणाचाच नाही!

केबलवाला:
मग सापडलं. तुमच्या नेटवर्कवर आयपी वाटणारा दुसरा कुणीतरी बसलाय. पीसी चालू झाला की तो सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, मला पत्ता द्या म्हणून. उत्तर एकानेच द्यायचं असतं, तुमच्याकडे दोघं देतायत आणि विंडोज साधारण ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं घेतं. म्हणून रोज वेगळे पीसी सापडतात, पीसीचा यात काहीच दोष नाही. कुणीच उत्तर दिलं नसतं तर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला असता, तो प्रकार वेगळा.

नव्वद टक्के वेळा हा दुसरा म्हणजे कुणीतरी आणून लावलेला घरगुती वायफाय राउटर असतो. शोधायचा असा: बिघडलेल्या पीसीवरून १९२.१६८.०.१ ला पिंग करा (तिथून उत्तर येतं का बघायची कमांड), मग एआरपी, स्पेस, डॅश ए मारा. त्या आयपीसमोर जो मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा कायमचा नंबर) येईल तो कागदावर लिहून घ्या, राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर तोच किंवा शेवटचा एखादा आकडा इकडेतिकडे असा छापलेला असतो. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून बघा, लॉगिनचं पान उघडलं तर कंपनी-मॉडेल पण कळेल.

स्विच साधा असेल तर पिंग डॅश टी ने चालू ठेवा, एकाला स्क्रीनसमोर बसवा आणि तुम्ही स्विचवरची एकेक केबल काढून पाच सेकंद थांबा. जी काढल्यावर पिंग तुटेल तिच्या मागे जा. फक्त पिंगवाल्या पीसीची स्वतःची केबल काढू नका.

सांगलीकर:
सापडला!!! चौदावी केबल. सरांच्या केबिनमध्ये टीव्हीच्या मागे, मोबाईलला रेंज येत नाही म्हणून रविवारी कुणीतरी घरचा जुना राउटर आणून लावलेला. भिंतीतली केबल चार पिवळ्या (पीसी जोडायच्या) पोर्टांपैकी एकात खुपसलेली, निळा (इंटरनेटचा) पोर्ट मोकळाच. स्टिकरवरचा नंबर कागदाशी जुळवला तेव्हा अक्षरशः हात थरथरत होते, चार दिवस झोप नव्हती. काढल्यावरही तीन पीसी अजून जुनाच आयपी धरून आहेत, ते काय करू? आणि सरांना वायफाय तर पाहिजेच आहे.

केबलवाला:
भले शाब्बास! त्या तीन पीसींवर आधी आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज आणि मगच स्लॅश रिन्यू. नुसतं रिन्यू केलं तर पीसी आधी त्याच जुन्या सर्व्हरला विचारायला जातो.

वायफायसाठी तो राउटर टेबलावर घ्या, लॅपटॉप थेट त्यालाच जोडा, सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा आयपी तुमच्या रेंजमधला पण वाटपाबाहेरचा द्या, म्हणजे मेन राउटर १०० पासून वाटत असेल तर १९२.१६८.१.२ चालेल. मग केबल परत पिवळ्या पोर्टातच लावा. बऱ्याच राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (राउटर आयपी न वाटता फक्त वायफाय देतो) असतो, तो असेल तर यातलं बरंच काम आपोआप होतं. वायफायचा पासवर्ड तेवढा नवीन टाका.

पुणेरी नेट:
पुढच्या वेळी स्विच घ्याल तेव्हा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) घ्या, बहुतेकांत डीएचसीपी स्नूपिंग असतं. मेन राउटरच्या पोर्टाला ट्रस्टेड (भरवशाचा) करायचं, बाकी कुठल्याही पोर्टावरून कुणी आयपी वाटायला लागलं की स्विच तिथेच अडवतो. आमच्या ऑफिसात हेच झालेलं, तेव्हापासून लावलंय.

सांगलीकर:
२२ च्या २२ चालू झाले, प्रिंटरना पण १९२.१६८.१.१० आणि ११ देऊन टाकलं. केबलवाले दादा, मनापासून आभार. आता रिटर्नला बसतो.