मदत हवी आहे: पऱ्याला पाणी आहे, पण मासे नाहीसे झाले

पऱ्याकाठ
आमच्या गावच्या पऱ्यातले (लहान ओढ्यातले) डोह उन्हाळ्यातही आटत नाहीत, तरी गेल्या काही वर्षांत त्यांतले मासे जवळजवळ संपले आहेत. पूर्वी मृगाच्या पावसात चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे, शेताच्या बांधापर्यंत येत आणि एरवी दगडांना चिकटून शेवाळ खरवडणारे मळ्ये सहज दिसत. आता तळाशी बोटभर लाल गाळ आहे. ग्रामसभेत मत्स्यबीज सोडण्याचा ठराव यायचा आहे, तेव्हा कोणते बीज आणावे आणि ते कोठे मिळेल, एवढेच कृपया लवकर सांगावे.

शास्त्रीखोरे
तालुका कोणता, पऱ्या कोणत्या नदीला मिळतो, वरच्या उतारावर काय आहे आणि खाली सिमेंटचा बंधारा आहे का, हे कळल्याशिवाय बीजाविषयी काही सांगणे योग्य होणार नाही. लाल गाळाचा उल्लेख आपण ओझरता केला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पऱ्याकाठ
तालुका संगमेश्वर, पऱ्या शास्त्री नदीला मिळतो. वरचे रान खासगी मालकाचे होते, ते तोडून तिथे काजू लावला आहे. परंतु माझा प्रश्न माशांचा आहे, रानाचा नाही.

खडसप्रेमी
खडस, म्हणजे आपल्याकडचा महसीर, सोडावेत. महाडजवळ वाळणकोंडीत देवीच्या नावाने राखलेले खडस ज्याने पाहिले आहेत, त्याला दुसरा मासा सुचणारच नाही. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून या माशाचे बीज तयार होत आले आहे, त्यामुळे तिथे चौकशी करावी.

शास्त्रीखोरे
या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. लोणावळ्याचेच बीज कावेरीत सोडल्यानंतर खडस तिथे फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर इतका घटला, की 2018 साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. शिवाय वाळणकोंडीसारखा खोल डोह आणि लहानसा पऱ्या यांत मोठा फरक आहे.

मूळ प्रश्नाविषयी सांगायचे, तर रानातल्या पऱ्यातला मासा बराचसा रानावरच जगतो. काठच्या झाडांची पाने पाण्यात पडतात, त्यांवर बुरशी धरते, ती मऊ झालेली पाने पाणकिड्यांच्या अळ्या कुरतडतात आणि त्या अळ्यांवर मासे पोसले जातात. पृष्ठभागाजवळ फिरणाऱ्या झोऱ्यासारख्या माशांना तर वरच्या फांद्यांवरून पडणाऱ्या मुंग्या आणि नाकतोडे हाच मोठा आधार असतो. सावली गेली की पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ऊन वाढल्याने शेवाळ वाढते आणि मळ्याला काही काळ फायदाही होऊ शकतो, परंतु उघड्या उतारावरची माती वाहून आली की तेच शेवाळ गाळाखाली जाते आणि दगडांमधल्या ज्या फटींत लहान मासे लपतात व अंडी राहतात, त्या बुजून जातात. अशा तळावर आणलेले बीज खाईल काय आणि राहील कोठे?

दूरदेशी
ॲमेझॉनच्या खोऱ्यात हे नाते आणखी ठळक दिसते. तिथे पुराचे पाणी महिनोन्महिने जंगलात शिरते आणि तांबाकी नावाचा मासा दाढांसारख्या दातांनी रबराच्या झाडाच्या बिया फोडून खातो. आपल्या बाजारात रूपचंद म्हणून मिळणारा मासाही तिकडचाच असून मूळ प्रदेशात तो जंगलातली फळे व बिया खातो.

पऱ्याकाठ
मग रूपचंदाचे बीज चालेल का?

शास्त्रीखोरे
कृपया मुळीच सोडू नये. परदेशी मासा वाहत्या पाण्यात सोडणे हा वेगळाच अनर्थ आहे.

कोकणमाती
सगळा दोष रानतोडीला देणे मला पटत नाही. आमच्याकडे रान शाबूत असूनही चढणीचे मासे थांबले, कारण खाली सिमेंटचा बंधारा झाला. तो आहे की नाही, याचे उत्तर अजून आलेले नाही.

पऱ्याकाठ
आमच्याकडे पावसाळ्यानंतर पोत्यांचा वनराई बंधारा घालतात आणि तो पहिल्या पुरात वाहून जातो. सिमेंटचा नाही.

बागायतदार
काजूला मोहोर येताना ढेकण्या या किडीसाठी कोणते औषध मारतात, हे कोणी विचारलेच नाही. लॅम्डा-सायहॅलोथ्रिन असेल, तर ते माशांना आणि पाणकिड्यांना अत्यंत विषारी असते, आणि फवारणीच्या त्या दिवसांत पऱ्याचे पाणीही उतरलेले असते. मी स्वतः काजू करतो. काठालगतच्या झाडांवर मी फवारत नाही आणि पंप पऱ्यात धूत नाही.

पऱ्याकाठ
औषधाचे नाव माहीत नाही, परंतु पंप पऱ्यातच धुतात. मालकाशी बोलता येईल. मात्र काजू उपटा, असे त्याला कोण सांगणार?

शास्त्रीखोरे
ते सांगण्याची गरज नाही. पाण्यालगतचा पट्टा सोडायला सांगावा आणि तिथे शेरणी, वाळुंज, करंज, उंबर, पाणजांभूळ लावावेत. पाण्यात पडलेल्या फांद्या साफसफाईच्या नावाखाली काढू नयेत. आता एकच माहिती हवी आहे: पऱ्याला अशी एखादी शाखा आहे का, जिच्या वरचे रान अजून उभे आहे?

पऱ्याकाठ
होय, देवराईतून एक ओहोळ येतो. तिथे मळ्ये अजून आहेत.

शास्त्रीखोरे
मग आपले बीज तिथेच आहे. ग्रामसभेत मत्स्यबीजाऐवजी त्या ओहोळाच्या रक्षणाचा ठराव मांडावा आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत त्याची नोंद करून घ्यावी. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या एका लहानशा माशासाठी शासनाने 2021 साली 2.11 हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, हे उदाहरण ग्रामसभेत सांगता येईल. काठ सावरला आणि गाळ वाहून गेला, तर मासे त्या ओहोळातून स्वतःच खाली उतरतील.

खडसप्रेमी
खडसाविषयी माझे मत कायम आहे, परंतु देवराईतला ओहोळ आधी राखावा, हे मला मान्य आहे.