६ बाय ४ फुटांच्या टेबलावर रिव्हर प्लेट: अंतराचं माप काय धरायचं?

सुकाणू:
छोटी मॉडेल जहाजं टेबलावर सरकवून खेळायच्या युद्धखेळासाठी रिव्हर प्लेटची, १३ डिसेंबर १९३९ ची नौदल लढाई मांडतोय. एकीकडे जर्मन युद्धनौका ग्राफ श्पे, समोर ब्रिटिशांच्या एक्झेटर, एजॅक्स, अकिलीस. मॉडेलं १:२४०० (खऱ्याच्या २,४०० पट लहान), व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची. १ सेंमीला १०० यार्ड धरले तर २०,००० यार्डांचे २ मीटर होतात आणि टेबल आहे १८३ सेंमी. १:३००० ची जहाजं घेतली तर जमेल का?

दीपस्तंभ:
जहाजं बदलून काही होणार नाही. ग्राफ श्पे १८६ मीटर लांब, म्हणजे तुमच्याकडे ७८ मिमी, १:३००० मध्ये ६२. मॉडेलच्याच मापात २०,००० यार्ड मांडायचे तर साडेसात मीटर लागतील, म्हणून अंतराचं माप वेगळंच धरतात. १ सेंमीला २०० यार्ड धरा आणि एक डाव ३ मिनिटांचा. १ नॉटने (ताशी १ सागरी मैल) ३ मिनिटांत जवळपास १०० यार्ड कापले जातात, म्हणजे नॉटच्या निम्मे सेंमी सरकवायचे. २४ नॉटला १२ सेंमी, कोष्टक नको.

भांडणं होतात ती मोजण्यावरून. या मापात ७८ मिमीचं मॉडेल दीड हजार यार्ड व्यापतं. एकाने पुढच्या टोकापासून मोजलं, दुसऱ्याने मागच्या, की तोफांच्या पल्ल्याचा टप्पाच (जवळचा की लांबचा) बदलतो. मॉडेलखालच्या बेसच्या कडेला मधोमध ठिपका काढा, फीत नेहमी तिथूनच लावायची.

खारा वारा:
ब्रिटिशांची तिन्ही जहाजं एका रांगेत नकोत. तेव्हाही एक्झेटर वेगळी झाली, बाकी दोघी दुसऱ्या बाजूने आल्या. ग्राफ श्पेच्या २८ सेंमीच्या सहा तोफा दोनच टरेटमध्ये (फिरत्या तोफबुरुजांत). तोफा दोन लक्ष्यांवर वाटल्या की तीन-तीन उरतात आणि तीन गोळ्यांवर नेम सुधारणं कठीण. पण लक्ष्य बदलल्यावर पहिल्या फैरीला आधी सुधारलेल्या नेमाचा फायदा मिळू देऊ नका. तो दंड नसेल तर जर्मन खेळाडू दर डावाला सहाही तोफा हव्या तिकडे फुकट फिरवतो, आणि दोन बाजूंनी येण्याला अर्थच राहत नाही.

दीपस्तंभ:
अगदी. आणि हालचालीचे हुकूम आधी चिठ्ठीवर लिहून एकदम उघडा.

रंगारी:
अकिलीस रंगवताना एक लक्षात असू द्या. हीच १९४८ मध्ये आपल्या नौदलात आली, पुढची आयएनएस दिल्ली. पण दिल्लीचे फोटो समोर ठेवू नका: युद्धातच मागचं एक टरेट निघालं होतं, दिल्लीवर तीनच होती. १९३९ ला चार हवीत.

प्रायमरआधी (रंगाखालच्या पहिल्या थराआधी) मॉडेल साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणावरून रंग सोलून निघतो. पावसाळ्यात मॅट वार्निशचा स्प्रे टाळा, दमट हवेत पांढुरका पडतो. ब्रशने लावायचं अॅक्रिलिक वार्निश चालतं, दोन पातळ हात.