हिस्पॅनिक म्हणजे बाहेरचे?

इथल्या चर्चेत एका सदस्यांनी लिहिलंय की अमेरिकेतले हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या घराण्यांचे लोक) बहुतेक बाहेरून आलेले आणि आशियाई मात्र तिथे मुरलेले. तिथल्या जनगणना खात्याचे आकडे उलट सांगतात. हिस्पॅनिकांपैकी साधारण दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेत; आशियाईंमध्ये निम्म्याहून जास्त परदेशात जन्मलेले आहेत. हिस्पॅनिकांतच मोजल्या जाणाऱ्या पोर्तो रिकोच्या (अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाच्या) लोकांना तर १९१७ पासून अमेरिकी नागरिकत्व आहे. तिथला माणूस न्यूयॉर्कला आला तर त्याला स्थलांतरित म्हणणं सरळ चूक आहे.

आशियाईंचं चित्र असं का, तर त्यांच्यासाठी दारच बंद होतं. भारतातून गेलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, तरी १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने 'तुम्ही गोरे नाही' म्हणून त्यांचं नागरिकत्व नाकारलं. भारतीयांना तो हक्क १९४६ मध्ये मिळाला, आणि मोठ्या संख्येने येणं सुरू झालं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर. मूळ रहिवासी आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळायलासुद्धा १९२४ उजाडलं, हे मला सगळ्यात संतापजनक वाटतं.

आणि एकाच घरातही सगळ्यांचा दर्जा सारखा नसतो. तिथल्या कितीतरी मराठी घरांत आईवडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर ग्रीनकार्डाच्या रांगेत आहेत, मुलं मात्र जन्मापासून अमेरिकी नागरिक.