जनसुनावणीआधी ईआयए अहवालात नेमकं काय तपासायचं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या गावाला लागून असलेल्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रासायनिक कारखाना येतोय. जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली. ग्रामपंचायतीत ईआयएचा, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होतील त्या अहवालाचा, मसुदा ठेवलाय, पण तो जाडजूड आणि इंग्रजीत. मराठीत नुसता सारांश. आम्ही बागायतदार आणि मच्छीमार, तज्ज्ञ कोणी नाही. सुरुवात कुठून करावी?

रापणकर
सरळ बहिष्कार घाला. सुनावणी होऊच द्यायची नाही.

विधी_पुणे
रापणकर दादा, राग समजतो, पण हा सल्ला घातक आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या ईआयए अधिसूचनेत सुनावणीला गणसंख्येची अटच नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात, आणि गावाची हरकत कागदावर येतच नाही.
खाडीकाठ, हरकत लेखी द्या, पान क्रमांकासकट, आणि पोच घ्या. नोटीस ३० दिवस आधी निघाली होती का, तेही बघा. सुनावणीचं चित्रीकरण होतं आणि शेवटी गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. तो होईपर्यंत कोणी उठू नका. गोव्यातल्या खाणीबाबत 'उत्कर्ष मंडळ' खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलंय की पर्यावरण मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने हरकतींचा विचार करून कारणं नोंदवली पाहिजेत. पण हरकतच मोघम असेल तर उत्तरही मोघमच मिळणार.

सडावेडी
अख्खा अहवाल वाचत बसू नका, आधी बेसलाइनचं प्रकरण उघडा. प्रकल्पापूर्वीची हवा, पाणी, माती, झाडं-प्राणी कसे आहेत ते त्यात असतं. साधारण १० किमी परिघातलं, आणि बहुतेकदा पावसाळा सोडून एकाच हंगामातलं. कोकणात खरी गोम इथेच आहे. सड्याचं सगळं वैभव पावसात. एप्रिलमध्ये काळा कातळ बघून 'पडीक जमीन' लिहिणं सोपं आहे. ऑगस्टमध्ये त्याच कातळावर सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात, डबक्यांत बेडकांची पिल्लं असतात, आणि तिथे मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना आणि पऱ्याला (ओढ्याला) मिळतं. यातलं अहवालात काय आहे ते शोधा. नसेल तर तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो जोडा.
प्रत्येक वाडीतल्या विहिरींची यादी करा, कुठली कधी आटते यासह. खाडीत बायका तिसऱ्या आणि कालवं काढतात, त्यावर किती घरं चालतात ते लिहा. हे आकडे गावाशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसतात.
झाडांची यादी मोठ्याने वाचा. रत्नागिरीतल्याच एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उतरवलेला निघाला होता, बर्च आणि स्प्रूसच्या जंगलांसह!

खाडीकाठ
सडावेडी ताई, विहिरींची यादी आजच घेतो. खोटी माहिती सापडली तर?

विधी_पुणे
खोटी किंवा दडवलेली माहिती हे मंजुरी नाकारायचं, दिलेली रद्द करायचंही कारण आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या मंजुरीला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्थगिती दिली ती अर्जात माहिती दडवल्यामुळेच. मात्र २०२० मध्ये तीच मंजुरी जादा अटींसह कायम झाली, म्हणून सगळी भिस्त कोर्टावर ठेवू नका. मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) ३० दिवसांत अपील; सबळ कारण दाखवलंत तर आणखी ६०.

रापणकर
पटलं. आमच्याकडच्या पोरांनी अहवालातले नमुन्यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या नकाशावर टाकून बघितले होते. पाण्याचा एक नमुना भरवस्तीतल्या रस्त्यावर दाखवत होता. तुम्हीही तेवढं कराच.