स्वतः काढलेले राक्षस लढवता येतील असा गेम आहे का?

रिकामटेकडी_मावशी

मंडळी, जरा मदत हवीये. भाचा चौथीत आहे. गणिताच्या चौकटीच्या वहीची मागची सगळी पानं त्याने राक्षसांनी भरलीयेत, आणि नुसते राक्षस नाहीत, प्रत्येकाच्या बाजूला लाईफ, पॉवर, स्पेशल अटॅक असं सगळं साग्रसंगीत लिहिलेलं. सगळ्यात लाडका चिखलगेंडा, सहा पाय, पाठीवर कुकर, शिट्टी झाली की समोरचा बहिरा. आता सुट्टी लागलीये आणि सकाळपासून एकच भुणभुण, मावशी असा गेम दे ज्यात मी काढलेला गेंडाच लढेल, त्यांनी बनवून ठेवलेला नको. प्ले स्टोअरवर शोधलं तर रंग भरायचे गेम नाहीतर मिनिटामिनिटाला जाहिराती. माझ्याकडे विंडोजचा साधा लॅपटॉप आणि अँड्रॉइड टॅब आहे. थोडे पैसे गेले तरी चालतील पण दर महिन्याचं सबस्क्रिप्शन नको. असं काही खरंच असतं का?

जुना_पीएसटू

असतं म्हणजे काय, होतं की! तुमचा भाचा वीस वर्षं उशिरा जन्मला एवढंच. मॅजिक पेंगेल नावाचा पीएस२चा (म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ चा) गेम, जपानमध्ये २००२ साली आला, अमेरिकेत २००३ मध्ये. टायटो या जपानी कंपनीचा, आणि त्यात ॲनिमेशनपट बनवणाऱ्या स्टुडिओ जिब्लीचाही हात होता, त्यामुळे दिसायला एकदम गोड. त्यात तुम्ही हवेत ब्रशने चित्र काढायचं, ही रेघ म्हणजे धड, ही हात, ही पंख असं सांगत सांगत, आणि चित्र पूर्ण झालं की ते फुगून थ्रीडी होतं आणि चक्क चालायला लागतं. पहिल्यांदा ते बघताना जे वाटतं ना, ते शब्दात सांगणं अवघड आहे. तुम्ही तीन पाय वाकडे काढले असतील तर ते त्याच वाकड्या पायांनी लंगडत येतं तुमच्याकडे. लढाई मात्र साधी, दगड-कागद-कात्रीच्या चालीची, हल्ला, जादू आणि बचाव, एक दुसऱ्याला मारतो. रंग फुकट नाहीत, ते कमवावे लागतात आणि चित्र काढताना खर्च होतात.

त्याचा पुढचा भाग ग्राफिटी किंगडम, तो जपानमध्ये २००४ ला. त्यात पिक्सेल नावाचा राजपुत्र तुम्ही काढलेल्या प्राण्याचं रूप घेऊन स्वतःच मारामारी करतो, म्हणजे पाळी-पाळीने खेळणं नाही, सरळ ॲक्शन. २०२१ मध्ये टायटोने याच मालिकेतला एक मोबाईल गेमही काढला होता, पण तो टिकला नाही.

आता वाईट बातमी. पेंगेल जपान आणि अमेरिकेतच निघाला, आपल्याकडचे पीएस२ पाल वाले, म्हणजे वेगळ्या विभागाच्या डिस्कचे, त्यामुळे डिस्क मिळाली तरी ती सरळ चालणार नाही. तुमच्या लॅपटॉपवर तर नाहीच.

खोडरबर

वरच्या भाऊंचं प्रेम मान्य, पण पेंगेलमध्ये एक गोम आहे ती त्यांनी सांगितली नाही. तिथे चित्र चांगलंय की वाईट याच्याशी गेमला काही देणंघेणं नाही. तो बघतो की रंग किती वापरला, कोणता वापरला, रेघा किती, आणि कुठल्या रेघेला तुम्ही हात म्हणालात आणि कुठल्या रेघेला पाय. म्हणून जास्त रंग ओतलेला गोळा हा जीव ओतून काढलेल्या नाजूक ड्रॅगनला सहज लोळवू शकतो. पोरं हे अर्ध्या तासात ओळखतात आणि मग चित्रं काढणं बंद, गोळे चालू.

आणि हा दोष त्या एका गेमचा नाही. कॉम्प्युटरला तुमचा प्राणी 'कळणार' कसा? गूगलचा क्विक ड्रॉ आठवतोय का, २०१६ चा, वीस सेकंदात काढा आणि मशीन ओळखणार? लोकांनी काढलेली ५ कोटींवर चित्रं त्यांनी नंतर खुली केली, पण विषय किती, तर ३४५. हत्ती ओळखेल, सायकल ओळखेल. पाठीवर कुकर असलेला सहा पायांचा गेंडा त्या यादीत कुठून येणार. मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्यांचं, ते मुलांची चित्रं नाचवणारं टूल आहे, छान आहे, फुकट आहे, पण ते माणसासारखी आकृती धरून बनवलंय, दोन हात दोन पाय. इथेही गेंडा बाहेर. म्हणजे ज्या गोष्टी पोराने स्वतःच्या डोक्यातून काढल्यात नेमक्या त्याच मशीनच्या हातातून निसटतात. म्हणून माझं मत, ज्यात निकाल माणसं देतात असं काहीतरी शोधा.

जुना_पीएसटू

गोळ्याचा मुद्दा बरोबर आहे हो, पण ते चालताना बघण्यातली मजा तुम्ही मोजतच नाही. जिंकायचं कुणाला होतं!

एडिसनचा_बंड्या

खोडरबर, तुम्ही म्हणता तसला गेम आहे. जॅकबॉक्स पार्टी पॅक ७ हा पार्टी गेम्सचा संच, २०२० चा, त्यातला चॅम्प्ड अप. आमच्याकडे न्यू जर्सीत मंडळाचा कार्यक्रम संपला की कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये हा लागतोच, कारण गेम एकाकडेच असला तरी पुरतो, बाकीचे आपापल्या फोनच्या ब्राउझरमध्ये रूम कोड टाकून आत येतात. तीन ते आठ जण लागतात.

कसं चालतं ते सांगतो. तुम्हाला एक किताब मिळतो, समजा 'उशिरा येणाऱ्यांचा सम्राट', त्याला शोभेल असा पहिलवान फोनवर बोटाने काढायचा आणि नाव द्यायचं. मग ते चित्र दुसऱ्या कुणाला तरी जातं पण किताब लपवून, म्हणजे त्याला फक्त एक विचित्र माणूस दिसतो आणि त्याला हरवेल असा प्रतिस्पर्धी अंदाजाने काढायचा असतो. नंतर किताब उघड होतो, दोघे समोरासमोर, आणि बाकीच्यांनी मतं द्यायची. इथे गोळा चालत नाही, गोळा काढलात तर त्या गोळ्याचं नाव तरी भन्नाट पाहिजे. आमच्याकडे एका काकूंना माऊसही धड धरता येत नाही पण त्यांची नावंच अशी असतात की समोरच्या उत्तम चित्राचा निकाल लागतो.

अडचण दोन. किताब सगळे इंग्रजीत, ते कुणीतरी मराठीत सांगत बसावं लागेल. आणि काही विनोद मोठ्यांचे आहेत, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन फॅमिली फ्रेंडली चालू करा आधी. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला की घ्या.

रिकामटेकडी_मावशी

बंड्यादादा, हे मस्त वाटतंय, पण आठ माणसं रोज कुठून आणू? दुपारी घरात मी, तो आणि आजी, आणि आजी दोन ते चार झोपलेली. दोघांत होईल असं काही?

खोडरबर

दोघांत हवं असेल तर ताई, स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात बनलेलं आहे, फुकट, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये चालतं. त्यात चित्र स्वतःच काढायचं, ॲरो कीने हलवायचं, 'याला टेकला तर लाईफ एकने कमी' हे ठोकळे जोडून होतं. तयार गेम नाही, बनवावा लागेल, पण आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठीच आहे ते. पहिल्या दिवशी गेंडा नुसता चालला तरी खूप. टॅबवर तयार काही हवं असेल तर ड्रॉन टू लाइफ बघा, मूळ २००७ चा, निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या कन्सोलचा, त्यातला टू रेल्म्स हा २०२० चा भाग मोबाईलवरही आला होता. नायक आपण काढायचा, पण हात-पाय-डोकं ठरलेल्या साच्यात, आणि मारामारीपेक्षा उड्याच जास्त.

गणिताच्या_बाई

लोकहो, वही हातात आहे, चौकटीची आहे, आणि तुम्ही त्याला स्क्रीनकडे कशाला ढकलताय? आमच्या वर्गात ऑफ पिरियडला चालणारा खेळ सांगते, सापशिडीचा एक फासा पुरतो.

राक्षस चौकटीवर काढायचा. आत जितके चौकोन तितकी लाईफ, जास्तीत जास्त ४०. चौकोन २० किंवा कमी असतील तर त्याला फटका बसायला फाशावर ५ किंवा ६ यावे लागतात, वीसच्या वर असेल तर ३ पासून पुढे काहीही चालतं. म्हणजे मोठ्याला लाईफ दुप्पट पण फटकेही दुप्पट बसतात, हिशोब सारखाच पडतो, आणि खोडरबर म्हणतात तो गोळा काढायचा मोह आपोआप जातो. शस्त्रं तीनपर्यंत, प्रत्येक शस्त्राला लाईफमधले ४ चौकोन द्यायचे. फटका बसला की मारणाऱ्याकडे जितकी शस्त्रं त्याच्या दुप्पट चौकोन पेन्सिलीने खोडायचे. हळूहळू समोरचा राक्षस काळा होत जातो, पोरांना तेच फार आवडतं.

स्पेशल अटॅक एका लढाईत एकदाच, आणि तो तोंडाने सांगायचा. तो चालला की नाही हे बाकीचे ठरवतात. दोघंच असाल तर समोरच्याला पटवायचं. एकाने सांगितलं होतं, माझा विंचू तुझ्या वाघाच्या कानात कुजबुजतो की उद्या युनिट टेस्ट आहे. वाघाची एक पाळी गेली, एकमताने!

जुना_पीएसटू

बाई, हे भारीच. पण एक शंका, शस्त्र एकही न घेता फक्त ४० लाईफ ठेवली तर?

गणिताच्या_बाई

तर मार खात बसायचं, शून्याची दुप्पट शून्यच. तसा एक महाभाग दरवर्षी निघतो.

रिकामटेकडी_मावशी

बाई, आज दुपारीच सुरू केलं आणि पहिल्याच लढाईत भांडण. बाह्यरेषेने अर्धे कापलेले चौकोन धरायचे की नाही? तो म्हणतो सगळे धरायचे.

गणिताच्या_बाई

अर्ध्याहून जास्त आत असेल तरच धरा. आणि मोजणी नेहमी समोरच्याने करायची, स्वतःच्या राक्षसाची स्वतः कधीच नाही.