मदत हवी आहे: रानातून पकडून आणलेली गाढवी माणसाळत नाहीये

नमस्कार मंडळी,

आम्ही ॲरिझोनात, टूसॉनच्या बाहेर राहतो. तीन आठवड्यांपूर्वी बीएलएमकडून, म्हणजे इथल्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याकडून, दोन बरो दत्तक घेतल्या. बरो म्हणजे गाढवंच. स्पॅनिश लोकांनी आणलेली, पुढे खाणवाल्यांनी वाळवंटात सोडून दिलेली. १९७१च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. वर्षभर नीट सांभाळल्यावरच मालकीचा कागद मिळतो. (आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढं शिकून गाढवंच वळायची होती?")

साडेचार फुटी कुंपण, सावली, पाणी सगळं आहे. सखू हातातून वाळलेलं गवत खाते. अडचण ठकीची आहे. जवळ गेलं की ती पळत नाही, खांबासारखी उभी राहते. मला वाटलं, माणसाळली. चार दिवस मान आणि खांदा चोळला, पाचव्या दिवशी हात पोटाकडे नेला आणि अशी दुगाणी बसली की मांडी अजून निळी आहे. आता मलाच तिची भीती वाटते, आणि ते तिला कळतं.

म्होरकी तिथूनच घालून आली आहे, दोर लोंबतो आहे. तो ठेवू की काढू? खुरं वाढलीत, पण पाय उचलू देत नाही तोवर खुरं कापणारा यायला तयार नाही. बांधून घालायचं का?

प्रतिसाद १
बांधू नका! आमची वीटभट्टीवर गाढवं होती. घोडं बुजलं की पळतं, गाढव बुजलं की थिजतं. ती उभी होती म्हणजे राजी होती असं नाही. कान मागे, नाकपुड्या ताणलेल्या, श्वास धरलेला असेल तर हात तिथेच थांबवा. तिने श्वास सोडला, ओठ हलवले की लगेच हात काढा. हात निघणं हेच बक्षीस. मागच्या पायावर आधी लांब काठीला फडकं बांधून सवय करा, हात नंतर. दोर तुमची नजर असेल तेव्हाच लोंबू द्या. रात्री कशात अडकला तर मान मोडेल.

प्रतिसाद २
सखूला पुढे घेऊन खरारा करा, ठकीला बघू द्या. लसूणघास, म्हणजे तिकडचा अल्फाल्फा, देऊ नका. वाळवंटातलं जनावर त्यावर सुटतं आणि खुरं बिघडतात. एक विचारते, ठकी गाभण तर नाही ना? गाढवीचे दिवस साधारण बारा महिने असतात, कधी राहिली ते कुणालाच माहीत नसणार. पोटाला हात लावू न देण्याचं कारण तेही असेल. आणि चारा सोडला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. न खाणारं गाढव फार लवकर खालावतं.

धागाकर्ता
गाभण! हे डोक्यातच आलं नव्हतं. कुशीचा फोटो काढायला निघालोय, कुंपणाबाहेरूनच.